गायरानातल्या पांढऱ्या रेघा

कुणाविषयी लिहायचं तर तो माणूस आपल्याला पुरता ठाऊक असावा. गव्हाणे सर मला पुरते ठाऊक नव्हते; आमच्या गावात कुणालाच नव्हते. त्यात आमच्या घरात सहीपलीकडे काही लिहिणारा मीच पहिला. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सगळा जन्म मेंढरांमागं गेला. अशा घरातल्या मुलानं एका शिक्षकाचं चित्र शब्दांत काढायला बसावं हे जरा जास्तच होतंय, हे मला कळतं. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. लिहायचं कारण एवढंच, की परवा दुपारी अण्णांचा फोन आला आणि तेव्हापासून सर डोळ्यांसमोरून हलत नाहीत. डोळ्यांसमोर म्हणजे पाठमोरे. सर मला नेहमी पाठमोरेच आठवतात.

त्याला कारण त्यांची पँट. फळ्यावर लिहून झालं की सर हात झटकत नसत, मागच्या दोन खिशांवर पुसत. मधल्या सुट्टीपर्यंत तिथं खडूचे दोन पांढरे पंजे उमटलेले असत, बोटांसकट. ते चालायला लागले की वाटायचं, कुणीतरी मागून त्यांना ढकलत नेतंय. आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. सरांना ते माहीत होतं. मागं वळून न बघता म्हणायचे, "हसा. पण उत्तर सांगून हसा."

आमचं गाव केज तालुक्यातलं. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. मी सहावीत असताना सर बदलून आले. मूळचे कुठले, घरी कोण, काहीच कळलं नाही. केजला खोली करून राहायचे, सकाळच्या जीपनं यायचे, संध्याकाळच्या जीपनं जायचे. पारावर बसायचे नाहीत. सगळ्यांत वाईट म्हणजे, कुणाकडे जेवायचे नाहीत. आमच्याकडे नव्या मास्तरला घरोघर जेवायला बोलावतात. सर दारापर्यंत येत, पाणी पीत आणि म्हणत, "जेवण नको. पोटाला सोसत नाही."

पिठाची गिरणी चालवणारे भगवान तात्या गावातल्या प्रत्येक माणसावर नजर ठेवून असत. ते म्हणाले, "ज्याला आपली भाकर सोसत न्हाई त्याला आपलं गाव कावून सोसायलंय? कायतरी काम असंल त्याचं."

गावात संशय सुरू झाला तो इथून.

दुसरी गोष्ट त्यांच्या पिशवीची. सरांच्या खांद्याला एक मळकी पिशवी असे आणि तीत ते काहीबाही गोळा करत. आकाशकंदिलाचा जिलेटीन कागद, साडीच्या खोक्यावरचं पारदर्शक झाकण, लग्नातल्या मिठाईच्या डब्याचं रंगीत प्लास्टिक. उकिरड्यावर चमकणारं काही दिसलं की वाकायचे. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, अवघडून म्हणायचे, "अहो गव्हाणे, लोक बघतात." सर म्हणायचे, "बघू द्या. त्यांच्याकडं लाल असला तर मागून घ्या. लाल कमी पडतोय."

त्या लाल कागदाचं काय होतं ते आम्हांला अपूर्णांकांच्या गुणाकाराला कळलं. सरांनी एका पारदर्शक चौकोनाला उभ्या घड्या घालून तीन सारखे पट्टे केले आणि दोन पट्ट्यांवर लाल कागद चिकटवला. म्हणजे दोन तृतीयांश. तेवढ्याच दुसऱ्या चौकोनाचे आडवे चार पट्टे केले आणि तिनांवर पिवळा लावला. म्हणजे तीन चतुर्थांश. मग एकावर एक ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. ऊन आरपार आलं. लाल आणि पिवळा जिथं एकमेकांवर आले तिथं नारिंगी घरं पेटल्यासारखी दिसू लागली.

"दोन्ही रंग जिथं लागले तेवढंच आपलं," सर म्हणाले. "मोजा."

बारा घरांपैकी सहा नारिंगी. म्हणजे अर्धा. तात्यांची नात नंदा आमच्यात सगळ्यांत धीट. ती उभी राहिली.

"सर, गुणलं की वाढतंय ना?"

"बरोबर."

"मग हे कमी कसं झालं? अर्धा तर दोन्हीपेक्षा बी कमी हाय."

सरांना इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. ते खडू फिरवत म्हणाले, "अख्ख्या भाकरीचा अर्धा भाग घेतला तर किती? आणि अर्ध्या भाकरीचा अर्धा भाग घेतला तर? अख्ख्या वस्तूचा भाग काढतोय आपण की भागाचाच भाग?" नंदा खिडकीतल्या नारिंगी घरांकडे बघत बसली. मला तेव्हा थोडं कळलं, थोडं नाही. पण घरी जाऊन मी ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

अण्णा वाडग्यात, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणात, त्यांना औषध पाजत होते. हात न थांबवता म्हणाले, "म्हंजी मास्तर गुणून कमी करायला शिकवायलाय?"

"तसं न्हाई अण्णा, अपूर्णांक असला की."

"असला की काय? आज कागद कमी झालाय. उद्या माझी मेंढरं गुणंल न्‌ म्हणंल निम्मीच हायती." ते हसले, पण पुरतं नाही. शेजारच्या गावात त्या वर्षी डोंगरावर एका कंपनीचं पवनचक्क्यांचं काम सुरू झालं होतं. तिथं आधी मोजणीवाले आले होते, मग जमिनीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा आल्या, मग तारेचं कुंपण आलं आणि तिथल्या मेंढरांची वाट बंद झाली. आमच्याकडे चराईला एक गायरान तेवढं होतं. ते गेलं तर कळप विकण्यावाचून अण्णांकडे दुसरा मार्ग नव्हता. हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

आणि नेमक्या अशा वेळी सरांनी गृहपाठ दिला, की प्रत्येकानं आपापलं अंगण मोजून आणा.

मोजायचं कासऱ्यानं. बैलाला बांधायचा कासरा सगळ्यांच्या घरी असतो. सरांनी सगळ्यांना एकाच लांबीचे कासरे कापून दिले. लांबी किती कासरे, रुंदी किती कासरे, उरलेला तुकडा अर्धा की पाव. त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक अंगणात एक पोरगं कासरा घेऊन ओणवं झालेलं. नंदानं तर गिरणीच्या ओट्यालाही कासरा लावला.

तात्या भडकले. "उठ तिथून! कुणी सांगितलं?"

"सरांनी."

"गावातलं घर न्‌ घर मोजून घ्यायलाय का रं हा गडी? पोरांच्या हातून? आपुन तलाठ्याला दारात उभं करत न्हाई, न्‌ हा पोरांकडून बसल्या जागी समदं काढून घ्यायलाय!"

दुसऱ्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं गृहपाठाशिवाय आली. कुणाचा कासरा गाईनं खाल्ला होता, कुणाचा विहिरीत पडला होता. सरांनी कुणालाच काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "अंगण नको तर नको. आपण बाहेर जाऊ."

बाहेर म्हणजे गायरानात. शाळेला लागूनच ते होतं, आणि शाळेचं मैदान निव्वळ खडक. सरांनी लांबी अडीच कासरे आणि रुंदी दीड कासरा असा आयत आखला. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, रेघांवर फक्की टाकली. मग आम्हांला विचारलं, "अडीच गुणिले दीड?"

आम्ही सगळ्यांनी एकच चूक केली. दोन एके दोन, अर्ध्याचा अर्धा पाव. सव्वादोन.

आयताच्या आत सरांनी आणखी दोन रेघा मारल्या. लांबीचे दोन कासरे जिथं संपतात तिथून एक, रुंदीचा एक कासरा जिथं संपतो तिथून दुसरी. आयताचे चार तुकडे झाले. एक मोठा, एक अगदी छोटा कोपऱ्यातला, आणि दोन पट्ट्या. त्यांनी मोठ्या तुकड्यात काही मुलं उभी केली, म्हणाले, "हे दोन चौरस कासरे. तुम्ही मोजलेत. हे जेवले." कोपऱ्यातल्या तुकड्यात एकाला उभं केलं. "हा पाव. हाही जेवला." मग मला आणि नंदाला त्या दोन पट्ट्यांत उभं करून ते लांब गेले आणि ओरडले, "आता सांगा, उपाशी कोण राहिलं?"

सगळे आमच्याकडे बोट दाखवून ओरडले. नंदाची पट्टी एक अख्खी भरली, माझी अर्धी. सव्वादोनात दीड मिळवला की पावणेचार. पुढं वर्षभर कुणाचंही उत्तर चुकलं की सर एवढंच विचारायचे, "उपाशी कोण राहिलं?" आणि आम्ही खाली मान घालून शोधायला लागायचो.

त्या दिवशी जीपची वेळ झाली आणि रेघा तशाच राहिल्या.

सकाळी अण्णा मेंढरं घेऊन गायरानात गेले. पुढची मेंढी पहिल्या पांढऱ्या रेघेशी थबकली, हुंगली आणि एकदम उडी मारून पलीकडे गेली. मेंढरांचं तसंच असतं. मागचं प्रत्येक मेंढरू त्याच जागी उडी मारून गेलं, जणू तिथं भिंत आहे. अण्णा ते बघत उभे राहिले. शाळा भरायच्या आत गायरानात अर्धं गाव जमलं होतं.

सर जीपमधून उतरले आणि थेट तिकडेच आले. मोठे सर शाळेच्या कुंपणापाशीच थांबून सांगत होते, "मला यातलं काही माहीत नाही, मला विचारलेलं नाही."

"मास्तर," तात्या म्हणाले, "कोणत्या कंपनीचं काम धरलंय?"

"कंपनी?" सरांना खरंच कळलं नसावं. किंवा कळूनही तसं दाखवलं नसेल. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, पण मला सांगता येणार नाही. "गणित आहे हो ते. अडीच गुणिले दीड."

"पावणेचार," तात्यांनी ताडकन सांगितलं. जुन्या शाळेत अडीचकीचा पाढा घोकलेला माणूस तो. "पाढ्यात हाय ते. जे पाढ्यात येतं ते रानात कशाला मोजायचं?"

"पोरांना पाढा येत नाही. आणि तात्या, पावणेचार कुठून आले ते पाढा दाखवत नाही."

"कुठून आले ते घेऊन आमाला काय करायचंय? कुठं चालले ते सांगा!"

लोक हसले. सरही हसले, आणि ते कुणालाच आवडलं नाही. मग अण्णा पुढं झाले. ते फार बोलत नाहीत. कमरेत वाकून त्यांनी बोटावर फक्की घेतली, चोळली.

"सर, तुमी म्हणता ते खरं असंल. पण ही रेघ माझ्या मेंढरांना दिसती. ती पुसा."

सरांनी तरवडाची फांदी मोडून घेतली आणि पुसायला लागले. आम्ही मुलंही लागलो. फक्की पुसली म्हणून जात नाही, पसरते. तिथं बराच काळ एक पांढुरका डाग राहिला. शेवटी सरांनी कोपऱ्यांवरचे चारी दगड उचलून एकेक करून बाभळीत भिरकावले, हात पँटवर पुसले आणि शाळेकडे चालू लागले. मागं ते दोन पंजे. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

अण्णांनी मला शाळेतून काढून मेंढरांमागं घेतलं. "त्या मास्तरच्या वर्गात जायचं न्हाई," एवढंच म्हणाले. आई रडली. मला वाटलं, संपलं आता. पण थोड्या दिवसांनी एका सकाळी भाकर बांधता बांधता अण्णा म्हणाले, "जा शाळेत." का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

तोवर गाव थोडं निवळत आलं होतं. तेवढ्यात ती जीप आली.

नेहमीची नव्हे. पांढरी, नवी. टपावर तीन पायांचं यंत्र बांधलेलं. ती सरळ शाळेपुढं थांबली, दोन माणसं उतरली आणि त्यांनी नेमकं गव्हाणे सरांनाच हाक मारल्यासारखं केलं. सर ओसरीवर होते म्हणूनही असेल. आम्ही खिडकीतून बघत होतो. सर त्यांच्याशी बराच वेळ बोलले. हातानं डोंगराकडे दाखवलं. मग त्या माणसांच्या हातातल्या मोजपट्टीकडे बोट करून काहीतरी विचारलं आणि ती माणसं मोठ्यानं हसली. जीप धुरळा उडवत गेली.

नंदा माझ्या कानाशी म्हणाली, "आजोबा खरंच म्हणत होते का रे?"

तात्यांनी गिरणीच्या ओट्यावरून सगळं पाहिलं होतं. आता पुराव्याची गरज उरली नव्हती. लोक सरांशी वाईट बोलले नाहीत, नुसतं बोलणंच बंद केलं. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणायचा. संध्याकाळची जीप त्यांच्यासाठी थांबेनाशी झाली. सर फाट्यापर्यंत चालत जायचे. वर्गात मात्र ते तसेच. खिडकीला रंगीत कागद लावायचे, नारिंगी घरं मोजायला लावायचे. फक्त पुन्हा कधी आम्हांला बाहेर नेलं नाही. शहाबादी फरशीवर खडूनं आयत काढायचे आणि तास संपायच्या आत स्वतः ओल्या फडक्यानं पुसायचे.

वर्ष संपलं आणि त्यांची बदली झाली. कुणी करवली की त्यांनी मागून घेतली, कळलं नाही. कुणी निरोप दिला नाही. ते फाट्याकडे चालत जाताना मी त्यांना गायरानातून पाहिलं. खांद्याला ती पिशवी, मागं दोन पांढरे पंजे. शाळेला सुट्टी लागली होती, फळ्याला कुणी हात लावला नव्हता, तरी पंजे होतेच. ते कधी धुऊन जात नसावेत.

गायरानावर कंपनी काही आली नाही. तात्या आजही सांगतात, "त्या मास्तरला हाकललं म्हणून वाचलं." मी पुढं केजला शिकलो, आता बीडला कॉलेजात आहे आणि सकाळी एका क्लासमध्ये लहान मुलांना गणित शिकवतो. तीही दोन एके दोन, अर्ध्याचा अर्धा पाव असंच करतात. माझ्या तोंडून आपोआप निघतं, "उपाशी कोण राहिलं?" आणि लगेच ती पांढरी जीप आठवते. ज्याच्याकडून आपण एवढं घेतलं त्याच्याविषयी मनात असा संशयाचा खडा असणं बरं नाही. पण खडा होता. ती माणसं का हसली असतील?

दिवाळीनंतर अण्णा कळप घेऊन कडा गावाच्या बाजूला उतरतात. तिकडे ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखत पडतं, म्हणून शेतकरी स्वतःहून बोलावतात. परवा फोन आला तो तिथूनच.

"जेवलास का?"

"हो. तुमी?"

"जेवलो." मागं मेंढरांची घुंगरं वाजत होती. "तुझा मास्तर गावला."

"कोणता?"

"दोन पंजेवाला."

एका वस्तीवरच्या शाळेपाशी, अण्णा सांगू लागले, माणसं जमलेली. मधोमध पांढऱ्या रेघा. लोक कुणालातरी घेरून विचारत होते, ही मोजणी कुणाची, कुणी पाठवलं. तो माणूस पाठमोरा होता. अण्णांनी पँट पाहिली आणि मेंढरं तिथंच सोडून गर्दीत शिरले.

"तुमी काय म्हणलात?"

"म्हणलं, ह्याला मी वळखतो. हा मोजणीवाला न्हाई. मोजणीवाला कोपऱ्याचा दगड कधी हलवत न्हाई. त्याचं समदं काम त्या दगडात असतं. ह्यानं आमच्या गायरानात चारी दगड आपल्या हातानं उचलून फेकलेत, मी बघितलंय."

"मग अण्णा, हे तुमाला तवाच कळलंतं?"

"मग तुला शाळेत कावून धाडलं परत?"

"गावात का न्हाई बोललात?"

"बोललो असतो तर तात्या म्हणला असता, मेंढरावाल्याला बी कंपनीनं फोडलं." ते खाकरले. "तवा लई वाईट दिस होते ते."

मी जीपचं विचारलं. अण्णांनीही सरांना विचारलं होतं म्हणे. सर म्हणाले, ती माणसं डोंगराचा रस्ता विचारायला आली होती. रस्ता सांगितला आणि म्हटलं, तुमची मोजपट्टी जुनी झाली तर शाळेला द्या, कासरा ताणला की लांबतो. त्यावर ती हसली.

"खरं असंल का रं?" अण्णा म्हणाले.

"खरं असंल," मी म्हणालो.

"मला बी वाटतं. पण मी भाकर सोडली, म्हणलं दोन घास खा. न्हाईच म्हणला. पोटाला सोसत न्हाई म्हणं. ते काय मला पटलं न्हाई." पुन्हा घुंगरं. "मेंढरं त्याच्या शाळंमागंच बसवलीत आज. उद्या सकाळी हितं रेघा मारू का म्हणून इचारायला आलता."

"मग?"

"म्हणलं मार. पण मेंढरं उठल्यावर मार."